इंदूरची ती दिवाळी आणि आपली घरे

रात्रीची आरती झाली, मंत्रपुष्पांजली झाली, प्रसादाची वाटी हाती आली की मंडपातल्या खुर्च्या आपोआप गोल होतात आणि गप्पा सुरू होतात. नानाखेड्याच्या आम्हा मंडळींच्या या गप्पांत गेली दोन-तीन वर्षे एक विषय हमखास निघतो. कोणता रस्ता किती रुंद होणार, कोणाच्या ओट्यावर लाल खूण पडली, कोणाच्या शेतातून नवा रस्ता जाणार. २०२८ चा सिंहस्थ जवळ येतो आहे. शहर बदलते आहे आणि ते बदलायला हवे हेही सर्वांना मान्य आहे. पण बोलता बोलता कोणीतरी आवाज खाली आणून विचारतोच, "खरं काय ते कोणाला ठाऊक आहे का?"

हा प्रश्न आम्हाला फार जुना वाटतो. सरकार मग ते इंग्रजांचे असो, संस्थानिकांचे असो वा आपण निवडून दिलेले. लोकांच्या घरांना हात घालणारे धोरण घेऊन ते दारात उभे राहिले की लोकांचा पहिला भाव संशयाचाच असतो. तो संशय घालवायला कोणी काय केले, कोणाला जमले आणि कोणाला जमले नाही, हे सांगणारी एक गोष्ट आपल्यापासून अवघ्या ५५ किलोमीटरवर, इंदूरला घडली आहे. नानाखेड्याच्या बसस्टँडवरून आपण ज्या गावाला सहज जाऊन येतो, त्याच गावातली. ती पुष्कळांना ठाऊक नाही, म्हणून यंदाच्या स्मरणिकेत ती सांगावी असे ठरवले.

पण तिच्याआधी थोडे पुण्याला जायला हवे.

१८९६ च्या उत्तरार्धात मुंबईत प्लेग आला आणि काही महिन्यांत पुण्यात पोहोचला. रोग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे तेव्हा सर्वमान्य झालेले नव्हते. अंधारी, दाटीची, ओलसर घरे हेच रोगाचे मूळ, अशी समजूत होती. तीत तथ्य होते, पण अर्धेच. त्या समजुतीमुळे रोगाशी लढाई म्हणजे घराशी लढाई झाली. १८९७ च्या आरंभी रँडसाहेबांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी नेमली गेली. मार्च ते मे या काळात गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घरोघर झडती घेत होत्या. माणसे इस्पितळात आणि विलगीकरणाच्या छावण्यांत नेली जात होती, सामान बाहेर काढले जात होते, काही जाळले जात होते. सरकारने लोकांना काहीच सांगितले नाही असे मात्र नव्हे. सूचना छापल्या होत्या, तक्रार कुठे करायची तेही कळवले होते. पण ज्याच्या स्वयंपाकघरात आणि देवघरात बूट घालून शिपाई शिरला, त्याला भिंतीवरचा कागद काय सांगणार?

लोकमान्यांची भूमिका या बाबतीत पाहण्यासारखी आहे. रोग हटवायला उपाय हवेत हे त्यांना मान्य होते. स्वतः पुण्यात राहून त्यांनी हिंदू प्लेग इस्पितळ उभारण्याच्या कामात पुढाकार घेतला. त्यांचा विरोध होता तो उपाय राबवण्याच्या रीतीला. पुढे २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय घडले, चाफेकर बंधूंनी काय किंमत मोजली, टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात दीड वर्षाची शिक्षा कशी झाली, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. आपल्या विषयापुरते त्यातून एवढेच घ्यायचे की धोरण योग्य की अयोग्य हा विचार लोकांनी केलाच नाही. करायला वेळच मिळाला नाही. दार ठोठावण्याच्या आवाजातच त्यांना उत्तर मिळून गेले होते.

मुंबईत याच भीतीतून १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडायच्या, त्यांतून रुंद रस्ते काढायचे, उत्तरेला दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती वसवायच्या, असा त्याचा कार्यक्रम होता. सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट, पुढे महंमद अली रोड हे रस्ते त्याचीच देणगी. आज त्या रस्त्यांवरून जाताना बरे वाटते. पण ज्या गरिबांच्या खोल्या पाडल्या गेल्या, ते सगळे काही दादरच्या नव्या घरांत गेले नाहीत. त्यांतले पुष्कळ जण शेजारच्या चाळींत दाटीने शिरले आणि तिथली गर्दी आणखी वाढली. 'सुधारणा' हा शब्द ऐकला की गरीब माणूस आपली गाठोडी आवरू लागे, अशी स्थिती हिंदुस्थानातल्या अनेक शहरांत त्या वीस वर्षांत तयार झाली.

या पार्श्वभूमीवर इंदूरला एक पांढऱ्या दाढीचा स्कॉटिश प्राध्यापक येऊन दाखल झाला. त्याचे नाव पॅट्रिक गेडिस.

गेडिस यांचा जन्म १८५४ चा. ते मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ, डंडी येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. झाड जसे माती-पाणी-हवेसकट समजून घ्यावे लागते, तसे शहरही माणसे, त्यांचे धंदे आणि त्यांची जागा यांच्यासकट समजून घ्यावे, असे त्यांचे मत होते. एडिंबरोच्या जुन्या गावात गलिच्छ वस्ती झालेल्या इमारती होत्या. लग्नानंतर थोड्याच दिवसांत, १८८६ च्या सुमारास, हे गृहस्थ बायकोसह त्यांतल्याच एका इमारतीत राहायला गेले. शेजाऱ्यांना बरोबर घेऊन भिंती रंगवल्या, खिडक्या मोकळ्या केल्या, अंगणात बागा केल्या. वस्ती सुधारायची तर आधी तिथे राहून पाहावे, हा धडा त्यांनी तिथे घेतला.

१९१४ मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांनी त्यांना नगररचनेचे प्रदर्शन घेऊन हिंदुस्थानात बोलावले. प्रदर्शनाचे नकाशे आणि चित्रे ज्या बोटीतून येत होती, ती बोट एम्डेन या जर्मन युद्धनौकेने बुडवली. साठीतल्या या माणसाने न डगमगता मित्रांकरवी नवे साहित्य जमवले आणि मद्रासला प्रदर्शन भरवून दाखवले. मग पुढली काही वर्षे ते हिंदुस्थानातल्या शहरांतून पायी हिंडले आणि त्यांनी शहरांवर अहवाल लिहिले. त्यांची रीत ठरलेली होती. हाती नकाशा घ्यायचा, गल्ली-बोळ पायांखाली घालायचे, कोणते घर खरोखरच पडायला झाले आहे आणि कोणते नुसत्या डागडुजीने शंभर वर्षे टिकेल हे घरागणिक पाहायचे. सरळ रेघ ओढून मधले सारे पाडणाऱ्या इंजिनिअरांवर त्यांचा राग होता. रोगाचे निदान न करता चाकू चालवणारा वैद्य आणि वस्तीत न हिंडता रस्ता आखणारा इंजिनिअर त्यांच्या लेखी सारखेच. दोन-चार पडकी घरे काढून जागा मोकळी करावी, तिथे झाड लावावे, पार बांधावा, वाकडी गल्ली वाकडीच राहू द्यावी, अशी त्यांची शिफारस असे. या रीतीत खर्चही कमी आणि घरे मोडतात तीही कमी.

तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या दरबाराने त्यांना इंदूरचा आराखडा करायला बोलावले. १९१८ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा इंदूरचा दोन खंडांचा अहवाल आजही नगररचनेच्या अभ्यासात वाचला जातो. पण आम्हाला सांगायचे आहे ते अहवालाबद्दल नाही, त्याच काळातल्या एका दिवाळीबद्दल. त्या दिवाळीची हकिगत गेडिस यांनी स्वतः आपल्या शिष्यमंडळींना सांगितली होती. त्यातूनच ती पुढे पुस्तकांत आली. तेव्हा ती करणाऱ्याच्या तोंडची गोष्ट आहे, हे ध्यानात ठेवूनच वाचावी.

इंदूरला प्लेगचे सावट होते. गेडिस रोज नकाशा घेऊन गल्ल्यांतून हिंडत. काही दिवसांनी त्यांच्या लक्षात आले की आपण दिसलो की लोक घाबरतात, बायका मुलांना आत ओढतात. त्यांनी सोबतच्या माणसाला कारण विचारले. कळले ते असे की प्लेग आणणारा म्हातारा साहेब तो हाच, अशी गावात वदंता आहे! नकाशावाला साहेब आला की मागून घरे पाडणारे येतात, हा लोकांचा अनुभव. प्लेग आणि घराची मोडतोड ही दोन्ही संकटे त्यांच्या मनात एकच झाली होती.

आता दुसरा कोणी अधिकारी असता तर त्याने अज्ञानी लोक म्हणून कपाळाला हात लावला असता आणि आणखी एक जाहीरनामा काढला असता. गेडिस यांनी लोकांचे म्हणणे खरे धरून चालायचे ठरवले. लोकांना आपली भाषा कळत नसेल तर लोकांची भाषा आपण शिकायला हवी, हा त्यांचा हिशेब. आणि या गावाची भाषा कोणती? तर सण, मिरवणूक, सोंगे, हत्ती-घोडे. त्यांनी दरबारात मागणी केली की मला एका दिवसापुरते महाराज करा. ती मंजूर झाली.

मग गावात दवंडी फिरली की या दिवाळीला मोठी मिरवणूक निघणार. तिचा मार्ग मात्र हिंदूंच्या वा मुसलमानांच्या नेहमीच्या वाटेने असणार नाही. ज्या रस्त्यांवरच्या लोकांनी आपली घरे सर्वांत चांगली झाडून, सारवून, दुरुस्त करून ठेवली असतील, त्याच रस्त्यांनी मिरवणूक जाईल. कचरा बाहेर काढा, तो उचलून नेण्याची व्यवस्था फुकट होईल.

पुढे काय झाले असेल हे आपल्या वाचकांना सांगायला नको. आपल्या गल्लीतून गणपती जावा म्हणून मंडळे किती खटपट करतात, हे आपण दरसाल पाहतो! इंदूरच्या गल्ल्या-गल्ल्यांत चढाओढ लागली. भिंतींना चुना लागला, मोऱ्या साफ झाल्या, वर्षानुवर्षे माळ्यावर पडलेले अडगळीचे सामान खाली आले. गाड्यांमागून गाड्या भरून कचरा गावाबाहेर गेला, आणि उंदीर पकडून मारले गेले ते वेगळेच. वस्तीत शिपाई न पाठवता वस्ती झाडली गेली.

मिरवणूकही मोठी विचारपूर्वक रचली होती. पुढे संस्थानी थाटमाट आणि पिकांचे, सुगीचे देखावे. मग एकाएकी वाद्ये उदास झाली. रोगांची सोंगे आली, मोडक्या अंधाऱ्या घरांच्या प्रतिकृती आल्या. घाणीचा अवाढव्य राक्षस आला आणि त्याच्यामागून प्लेगचा प्रचंड उंदीर. उंदीर म्हणजे एरवी आपल्या बाप्पाचे वाहन, पण या उंदराच्या अंगावर वळवळणारे किडे लावलेले होते. मिरवणुकीच्या या भागानंतर थोडी मोकळी जागा सोडली होती. तिच्यामागून निघाले ते इंदूरचे सफाई कामगार. स्वच्छ पांढरे कपडे, गळ्यात फुलांचे हार, हातात नवे झाडू, रंगवलेल्या गाड्या. ज्यांना पाहून लोक वाट बदलत, ते त्या दिवशी मिरवणुकीच्या मानाच्या जागी होते. त्यांच्यामागे नव्या इंदूर नगरीची देवता आणि तिच्यासोबत शहराचा नवा नकाशा. मग गवंडी, सुतार, कुंभार असे कारागीर, नव्या घरांच्या आणि सार्वजनिक इमारतींच्या प्रतिकृती. शेवटी माळ्यांचे गाडे, आणि त्यांवरून लोकांना वाटलेली तुळशीची रोपे. स्वच्छ, नांदते घर म्हणजे दारात तुळस, हे सांगायला भाषण लागले नाही. संध्याकाळी मैदानावर घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर यांचे दहन झाले आणि वर शोभेची दारू उडाली.

त्यानंतर लोकांची नजर बदलली, असे गेडिस सांगतात. नकाशावाला म्हातारा दिसला की पोरे पळून न जाता मागे लागू लागली. प्लेगचे म्हणाल तर तो त्या सुमारास ओसरलाच. पण त्याचा हंगामही संपत आलेला होता. सारे श्रेय मिरवणुकीला देणे बरोबर होणार नाही.

ही गोष्ट ऐकून कोणी म्हणेल की एवढेच ना, मग सरकारने ढोल-ताशे लावून मिरवणुका काढाव्यात! आम्हाला तसे म्हणायचे नाही. मुंबईची त्यापुढली गोष्ट त्यासाठीच सांगायला हवी.

पहिले महायुद्ध संपले तेव्हा मुंबईत घरांची टंचाई पराकोटीची होती. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी १९२० मध्ये डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढले. गिरणी कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधायच्या आणि बॅकबेला समुद्र हटवून जमीन काढायची, असा बेत होता. मोठे कर्ज उभारले, मुंबईत येणाऱ्या कापसावर गाठीमागे १ रुपया कर बसवला. जाहिरातीला आणि भाषणांना काही कमी नव्हती. सिमेंट-काँक्रीटच्या भक्कम चाळी उभ्या राहिल्या. त्यांनाच आपण बीडीडी चाळी म्हणतो. आणि त्यांतल्या पुष्कळ खोल्या कित्येक वर्षे रिकाम्या पडून राहिल्या! वरळीसारख्या ठिकाणी तेव्हा ना धड बाजार, ना दिवाबत्ती, ना जायची-यायची सोय. कामगाराला खोली गिरणीजवळ हवी होती, उधारीचा वाणी जवळ हवा होता, गाववाले शेजारी हवे होते. हे त्याला कोणी विचारलेच नव्हते. ५०,००० चे स्वप्न १६,००० च्या आसपास थांबले. एकूण चाळी २०७ झाल्या. वरळीच्या काही चाळींचा सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने तुरुंग म्हणूनही उपयोग केला. बॅकबेच्या कारभारावर वीर नरीमन यांनी जी टीका केली, तिच्यावरून त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि त्यात ते निर्दोष सुटले. त्यामुळे सरकारचा शब्द आणखीच हलका झाला.

याच चाळींचा पुढला भाग तर फारच बोलका आहे. ज्या खोल्यांत जायला लोक तयार नव्हते, त्या हळूहळू भरल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन-तीन पिढ्या नांदल्या. कामगारांची, दलितांची चळवळ तिथे वाढली, भजनी मंडळे, व्यायामशाळा, गणेशोत्सव मंडळे उभी राहिली. आणि शंभर वर्षांनी सरकार म्हणाले, या चाळी पाडून प्रत्येकाला ५०० चौरस फुटांचे घर फुकट देतो. तेव्हा त्याच चाळींतले लोक जागचे हलेनात! २०१७ मध्ये भूमिपूजन झाले, तरी पुढे वर्षे गेली. पडताळणीला अनेकांनी विरोध केला. लोभ म्हणावा तर घर तिपटीने मोठे मिळत होते. मग अडले कुठे? तर, एकदा खोली सोडली आणि प्रकल्प रखडला तर आम्ही कुठे जायचे? नवे घर इथेच मिळेल हे कागदावर कोण लिहून देणार? उंच इमारतीच्या देखभालीचा खर्च कोण भरणार? नमुना घर बांधून दाखवले गेले, नोंदणीकृत करार करून हाती देण्याचे मान्य झाले, तेव्हा गाडी पुढे सरकली. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. त्यानंतर मागच्या लोकांना समजावण्याची गरज बरीच कमी झाली असेल. शेजाऱ्याच्या हातातली किल्ली पाहिली की सरकारी पत्रक कोण वाचत बसतो?

आता आपल्या दाराशी येऊ.

उज्जैनच्या सिंहस्थासाठी क्षिप्रेकाठच्या शेतजमिनी पूर्वापार तात्पुरत्या घेतल्या जात. मेळा उठला की शेतकरी पुन्हा नांगर धरी. २०२८ च्या सिंहस्थासाठी शासनाने वेगळा विचार मांडला. चार नगरविकास योजनांमध्ये मिळून सुमारे २,४०० हेक्टर जमीन 'लँड पूलिंग' पद्धतीने एकत्र करायची, तिथे पक्के रस्ते, गटारे, वीज अशा कायमच्या सोयी करायच्या आणि निम्मी जमीन विकसित करून मालकाला परत द्यायची. दर बारा वर्षांनी तात्पुरत्या तंबूंवर पैसा घालण्यापेक्षा कायमचे काम बरे, हा त्यामागचा हिशेब. तो उघडपणे चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. पण शेतकऱ्याच्या मनातला पहिला प्रश्न हिशेबाचा नव्हताच. 'माझी जमीन माझी राहणार की नाही?' एवढेच त्याला विचारायचे होते. या साध्या प्रश्नाचे साधे उत्तर मिळण्याआधीच ट्रॅक्टरांचे मोर्चे निघाले. भारतीय किसान संघाने विरोध केला. १७ नोव्हेंबर २०२५ ला योजना मागे घेत असल्याचे जाहीर झाले, पण पाठोपाठ निघालेल्या आदेशात ती पूर्ण रद्द नसून बदलली आहे असे लोकांना दिसले आणि पुन्हा आंदोलनाची हाक दिली गेली. डिसेंबरमध्ये ती सर्वस्वी रद्द झाली.

कोण बरोबर, कोण चूक, हा आमच्या लेखाचा विषय नाही. आमच्या मंडळीत दोन्ही बाजूंचे लोक आहेत आणि मंडपात त्यांची जुंपलेलीही आम्ही पाहिली आहे. एवढे मात्र दिसते की तोंडी घोषणा एक आणि हातातला कागद दुसरा असे एकदा झाले की मग खरा कागद दाखवला तरी लोक तो उजेडात धरून पाहतात.

पुणे, इंदूर, मुंबई, उज्जैन ही सारी उदाहरणे समोर ठेवली की आम्हाला एक गोष्ट जाणवते. घराच्या बाबतीत लोकांना 'काय मिळणार' हे आधी ऐकायचे नसते. 'काय जाणार नाही' हे आधी ऐकायचे असते. पुण्यात ते कोणी सांगितले नाही. लॉइडसाहेबांनी फक्त काय मिळणार ते सांगितले. वरळीला काय जाणार नाही ते लिहून दिले, तेव्हा लोक हलले. गेडिस यांच्या मिरवणुकीचे मर्म हत्ती-घोड्यांत नव्हते. ज्याने आपले घर दुरुस्त केले त्याच्या दारावरून मिरवणूक जाणार, याचा अर्थ ते घर राहणार. मिरवणुकीचा मार्गच आश्वासन होऊन बसला होता. शिवाय तिथे लोकांच्या हाती करण्यासारखे काही होते. पुण्यात लोकांनी नुसते सोसायचे होते. इंदूरला चुना लावायचा होता.

गेडिस यांच्या गोष्टीतही उणे आहे, तेही मनाशी धरले पाहिजे. एका दिवसाचे महाराजपण राजाच्या मर्जीने मिळाले होते. सफाई कामगारांचा मानही दिवसभराचाच. दुसऱ्या दिवशी झाडू तोच आणि अंतरही तेच. उत्सवाने मन वळवता येते, पण मन वळवणे आणि मत विचारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजच्या राज्यात महाराज एका दिवसाचे नसून पाच वर्षांचे असतात आणि ते आपणच निवडतो. तेव्हा मत विचारले जावे ही अपेक्षा जास्तच रास्त.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने लिहावीशी वाटते. माळव्यातली आपली मराठी घराणी इथे आली कशी? कोणी शिंद्यांच्या फौजेबरोबर, कोणी होळकरांच्या दप्तरात. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले, ही आपल्या अभिमानाची गोष्ट आपण सर्वांना सांगतो. पण त्या मोठ्या नावांमागून आले ते कारकून, कमाविसदार, मोजणीदार, पुढे ओव्हरसियर आणि इंजिनिअर. इंदूरच्या गल्ल्यांतून गेडिस हिंडले तेव्हा होळकर दरबाराच्या दप्तरात आपलीच माणसे भरलेली होती. म्हणजे नोटीस लिहिणारे आणि साखळी धरून जमीन मोजणारे आपलेच आजे-पणजे असत. लोकांच्या संशयाकडे त्यांनी कोणत्या नजरेने पाहिले असेल? बहुधा अडाणीपणा म्हणूनच.

आज पाळी फिरली आहे. जुन्या उज्जैनच्या वाड्यांतून निघून आपल्यातली अनेक कुटुंबे नानाखेडा, वसंत विहार, फ्रीगंजकडे आली. काहींचा वाडा वाटणीत गेला, काहींचा रस्त्याच्या रुंदीकरणात. आमच्यातल्या एका घरी सकाळी भिंतीवर खूण दिसली, तेव्हा ती कोणी केली, किती फूट जाणार, हे विचारायला घरातले निवृत्त अधिकारी स्वतः कचेरीत गेले. ज्यांनी आयुष्यभर सरकारी भाषेत पत्रे लिहिली, त्यांना तीन खिडक्या फिरूनही सरळ उत्तर मिळाले नाही. घरी येऊन ते एवढेच म्हणाले, "आम्हीही लोकांना असंच परत पाठवत असू." त्यावर घरात बराच वेळ कोणी बोलले नाही. ओटा गेला, घर राहिले. पण ते वाक्य आमच्या लक्षात राहून गेले.

म्हणून या गणेशोत्सवात आमची समाजातल्या सर्वांना एक साधी विनंती आहे. आपल्यात आज नगररचना शिकलेली मुले आहेत, वकील आहेत, निवृत्त अधिकारी आहेत, शेतीवाडी असलेलेही आहेत. लोकमान्यांनी घरचा गणपती चौकात आणला तो लोकांनी एकत्र बसून बोलावे म्हणून. मग मंडपाच्या एका बाजूला, रांगोळी-प्रदर्शनाच्या शेजारी, शहराच्या विकास आराखड्याचा प्रसिद्ध झालेला नकाशा मोठा करून लावता येईल. ज्याला वाचता येतो त्याने शेजाऱ्याला वाचून दाखवावा. आपले घर, आपली गल्ली, आपल्या दूधवाल्याचे शेत त्यावर कुठे आहे ते बोट ठेवून पाहावे. हरकत घ्यायची मुदत कधीपर्यंत आहे आणि अर्ज कुठे द्यायचा, ते मराठीत आणि हिंदीत लिहून ठेवावे. पाठिंबा द्यायचा तर समजून द्यावा आणि विरोध करायचा तर तोही समजून करावा.

आणि जी मुले उद्या याच कचेऱ्यांत खुर्चीवर बसतील, त्यांनी इंदूरच्या त्या म्हाताऱ्या साहेबाची गोष्ट ध्यानात ठेवावी. लोक आपल्याला पाहून पळतात असे दिसले, तेव्हा त्याने आधी सोबतच्या माणसाला कारण विचारले होते. ते ऐकून तो रागावला नाही, पुढचे सगळे त्याला त्यानंतरच सुचले.

गणपती बाप्पा मोरया!